संगणन-वेळ दर वर्षी नव्याने मागायला लावावी का?

रांगेतला:
अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएचडी करतोय. महासंगणकाचं वाटप कोल्डफ्रंटमधून होतं. बफेलो विद्यापीठाने बनवलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. मार्गदर्शक त्यात प्रकल्प उघडतात, आम्हाला त्यात घेतात, मग क्लस्टर (एकत्र जोडलेली यंत्रं) किंवा डिस्कसाठी वाटप मागतात. त्याला मुदत असते. शिवाय प्रकल्पाचा वार्षिक आढावा भरला नाही, तर नवी मागणीही अडते. सरांना त्यातली पेपरांची यादी भरायला सवड नाही, आणि जॉब, म्हणजे यंत्राला दिलेली कामं, अडकतात माझी. हा आढावाच बंद करावा.

खातेवही:
मी टेबलाच्या पलीकडे, वाटप देणाऱ्यांच्या बाजूला बसते. पदवी घेऊन गेलेल्या पोरांचे टेराबाइटच्या टेराबाइट पडून असतात. हात लावायचा तर विचारायचं कुणाला? मुदत संपली की निदान सर फोन तरी उचलतात!

रांगेतला:
मग डिस्कला लावा मुदत. प्रोसेसरला कशाला? तिथे स्लर्म या रांग लावणाऱ्या सॉफ्टवेअरचं फेअरशेअर आहेच. ज्याने अलीकडे जास्त वापरलं तो रांगेत मागे जातो, आणि जुना वापर हळूहळू विसरला जातो.

अर्धाकोअर:
सगळ्यांना एकच फूटपट्टी, हीच चूक. अमेरिकाभरच्या संशोधकांना महासंगणक वापरायला देणारा एक्ससीड कार्यक्रम संपून सप्टेंबर २०२२ला त्याच्या जागी अ‍ॅक्सेस सुरू झालं, तेव्हा त्यांनी मागणीच्या आकाराप्रमाणे पायऱ्या केल्या. पहिली 'एक्सप्लोर', ४,००,००० क्रेडिटपर्यंत. त्यासाठी थोडक्यात लिहिलं की पुरतं. सगळ्यात वरची 'मॅक्सिमाइझ'. तिथे सविस्तर प्रस्ताव, वर्षातून दोनदाच, समितीपुढे. थोडं मागणाऱ्याला जास्त का लिहायला लावायचं?

खातेवही:
क्रेडिट हे अ‍ॅक्सेसचं मोजमाप. ते म्हणजे कोअर-तास, म्हणजे प्रोसेसरच्या एका कोअरचा एक तास, नव्हेत हं, प्रत्येक यंत्राचा दर वेगळा. नवखे तिथेच फसतात. बाकी, फेअरशेअर फक्त रांग लावतं. यंत्र कशासाठी वापरलं, हे ते सांगत नाही. पुढचं यंत्र घ्यायला पैसे मागताना वरचे लोक तेच विचारतात, आणि ते सरांच्या त्या कंटाळवाण्या यादीतूनच मिळतं.

रांगेतला:
ते पटलं. तरी प्रोसेसरचं वेगळंच आहे. कालचा न वापरलेला कोअर-तास आज कुणाच्याच कामाचा नाही. त्याची साठवण होत नाही. कालची फाईल मात्र आजही जागा खाते. दोघांना एकच मुदत हे माझ्या डोक्यात बसत नाही.

खातेवही:
बरं, डिस्कपुरतं तरी जमलं आपलं. आता सरांना सांगून प्रकल्पात 'मॅनेजर' व्हा. नूतनीकरण तुम्हालाच मागता येईल.

रांगेतला:
म्हणजे यादीही मीच भरायची!