गोंगाट, कंपन, हादरा: मालधक्क्याच्या अहवालात कुठे काय लिहावं?

प्रश्न : प्रस्तावित रेल्वे मालधक्क्याच्या ध्वनी-कंपन अहवालाचा मराठी सारांश लिहिते आहे. मसुद्यात सगळीकडे ‘गोंगाट पातळी’, ‘हादरे’ आणि ‘सरासरी आवाज’ आहे. बरोबर आहे का?

प्रतिसाद १ : मोजमापाला ‘ध्वनिपातळी’ म्हणा. ‘गोंगाट’ म्हटलं की नकोसेपणा आधीच मान्य केल्यासारखं होतं, आणि तो आहे का हेच अहवालाने ठरवायचं असतं. त्रास होणार असं निष्पन्न झालं, तर निष्कर्षात बेलाशक गोंगाट लिहा.

वाघिणी (मालगाडीचे डबे) जोडताना बसतो तो ‘हादरा’. लांब गाडी जाईपर्यंत जमीन थरथरत राहते ते ‘कंपन’. वाचकाला आणखी एक भेद स्पष्ट दिसायला हवा: ‘इमारतीला धोका’ आणि ‘रहिवाशांना त्रास’. घरात बसलेल्या माणसाला सेकंदाला सुमारे ०.३ मिलिमीटर वेगाचं कंपनही जाणवू शकतं. भिंतीला वरवरचे तडे जाण्यासाठी ब्रिटिश मानकाने घरांना घातलेली मर्यादा मात्र ४ हर्ट्झला (सेकंदाला ४ आवर्तनं) सेकंदाला १५ मिलिमीटर आहे. म्हणजे ‘धोका नाही’ एवढंच लिहून थांबलात, तर झोपमोडीचा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

प्रतिसाद २ : ‘सरासरी आवाज’ काढाच. डेसिबलची साधी सरासरी निघत नाही. अर्धा वेळ ६० आणि अर्धा वेळ ४० असेल तर उत्तर ५० नव्हे, ५७ येतं. ‘समतुल्य ध्वनिपातळी’ (त्या वेळातल्या कमी-जास्त आवाजाइतकीच एकूण ध्वनिऊर्जा असलेली स्थिर पातळी) लिहा आणि ती किती तासांची हे प्रत्येक वेळी सांगा. रात्रीच्या ८ तासांत एकच मालगाडी मिनिटभर ८० डेसिबलने गेली, तर तिच्यापुरती समतुल्य पातळी जेमतेम ५३ भरते. जाग येते ती त्या ८०ने! म्हणून रात्रीसाठी ‘कमाल ध्वनिपातळी’ शेजारी हवीच. ती गाळणं म्हणजे रहिवाशांवर अन्याय आहे.

प्रश्नकर्ती : पटलं. कंपन इमारतीच्या पायातून वर चढतं, भिंती-जमिनी थरथरतात आणि खोलीत खर्जातला आवाज येतो, त्याला काय म्हणू?

प्रतिसाद १ : ‘भूवाहित ध्वनी’. पण पहिल्यांदा येईल तिथे ‘जमिनीतून येऊन घरात घुमणारा आवाज’ असं उलगडून लिहा. खिडक्या लावून तो थांबत नाही, हेही तिथेच सांगा.

प्रतिसाद २ : आणि ‘शंटिंग’चं (डबे मागेपुढे नेऊन जोडणं-सोडवणं) भाषांतर नको. ज्यांच्या घरामागे ते रात्रभर चालणार आहे, त्यांना तोच शब्द कळतो.