मदत हवी आहे : मानसशास्त्राची सुरुवात १८७९ लाच का?

चिंचगुळ : मंगळवारी सबमिशन आहे. '१८७९ साली लाइपझिगला वुंटने प्रयोगशाळा काढली आणि मानसशास्त्र विज्ञान झालं' असं लिहिलं होतं. मॅडमनी त्याखाली लाल पेनाने दोन रेघा ओढून नुसतं 'का?' लिहिलंय. काय लिहू? लवकर सांगा प्लीज.

रानवारा : बारावी, बीए की बीएड? शब्दमर्यादा किती?

टिपकागद : १८७९ खोडूनच टाक. फेखनर घे. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याला सुचलं की संवेदना मोजता येईल. १८६० ला ग्रंथ आला. त्याआधी वेबरने वजनं उचलायला लावून फरक कधी जाणवतो ते पाहिलं होतं. घरी करून बघ. हातात किलोभर साखरेची पिशवी असताना तीत चमचाभर घातली तर कळत नाही. रिकाम्या तळहातावर तेवढीच लगेच कळते.

हातमाग : सुचणं वेगळं, शास्त्र उभं राहणं वेगळं. वुंटकडे देशोदेशीचे विद्यार्थी येत, या विषयात डॉक्टरेट घेत, निष्कर्ष त्याच्याच नियतकालिकात छापत. त्याच्या प्रयोगशाळेतलं वेळ मोजायचं यंत्र, हिपचा क्रोनोस्कोप, सेकंदाचा हजारावा भाग दाखवायचा. आवाज झाला की काटा सुरू, माणसाने कळ दाबली की बंद. तोच प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करून पाहता यायचा. मॅडमच्या 'का?'चं उत्तर हे आहे.

दुपारचा_चहा : आणि अमेरिकेचा मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स? हार्वर्डला त्याच्याकडे १८७५ पासूनच प्रयोगाची उपकरणं होती.

हातमाग : ती मुख्यतः वर्गात दाखवायला.

दुपारचा_चहा : शिकवणं काय कमी असतं का?

मोगरा : ताई, एमएला क्लिनिकलच घे. माझ्या भाचीने औद्योगिक घेतलं, आता पस्तावतेय.

चिंचगुळ : ताई नाही, दादा. बीए दुसरं वर्ष, ३०० शब्द. आणि शेवटी भारताचा परिच्छेद हवाय, ते लिहायचं राहिलं.

रानवारा : हे आधी सांगायचं ना! कलकत्ता विद्यापीठ, १९१६, प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग. प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता. ते हार्वर्डला म्युन्स्टरबर्गकडे शिकले आणि म्युन्स्टरबर्ग वुंटचा विद्यार्थी. लाइपझिगहून धागा थेट कलकत्त्याला येतो, तिथेच जोड.

टिपकागद : तरी फेखनरला एक वाक्य दे रे. वेबर, फेखनर, वुंट तिघेही लाइपझिगचेच.