कॉलेजचा झेरॉक्स-संच: मुलांचा हक्क की प्रकाशकाच्या पोटावर पाय?

पाटीवरची_अक्षरं (धागाकर्ती)

परवा स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने माझ्या हातातला झेरॉक्सचा गठ्ठा बघून विचारलं, "मॅडम, हे बेकायदेशीर नाही ना?" एमएच्या एका पेपरसाठी ११ पुस्तकांतून निवडलेली १४ प्रकरणं होती ती. ग्रंथालयात एकेकच प्रत, वर्गात ६० मुलं. मी म्हटलं, बेकायदेशीर तर नाहीच, हा मुलांचा हक्क आहे.

हे मी मनाचं सांगत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला. दुकान असेच संच पानाला ४० पैशांनी काढून देत होतं. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(आय) सांगतं की शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली नक्कल हा भंग नव्हे. पूर्वी मुलं ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घ्यायची, तो गुन्हा नव्हता. मग तेच काम यंत्राने केलं म्हणून गुन्हा कसा होईल? कॉपीराइट हा दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नाही, असंही निकालात आहे. अमर्त्य सेन स्वतः ऑक्सफर्डचे लेखक, पण त्यांनीही या दाव्याला विरोध केला होता.

माझं म्हणणं एवढंच की झेरॉक्स काढताना मास्तरांनी मान खाली घालू नये.

छापखाना_गल्ली

मॅडम, तुमच्या १४ प्रकरणांवर माझा राग नाही. पण तुम्ही ज्यांची नावं घेतलीत ती जगभर पुस्तकं विकणारी मंडळी. माझं प्रकाशन म्हणजे मी आणि बायको. समीक्षेचं पुस्तक काढलं की आवृत्ती ५०० ची, आणि ती संपायला चार-पाच वर्षं.

गेल्या वर्षी एका कॉलेजबाहेरच्या दुकानात मला माझंच पुस्तक दिसलं. स्पायरल बाइंडिंग, वर प्लॅस्टिकचा कागद. पहिल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का काळा डाग होऊन उमटलेला, कुणी पेन्सिलने मारलेल्या रेघासुद्धा तशाच. १९२ पानं, अख्खं पुस्तक. दुकानदार म्हणाला, "काका, सरांनीच मास्टर कॉपी ठेवलीय, हवी तेवढी काढून देतो." पुस्तक २५० रुपयांना बाजारात मिळत होतं. त्या विषयाला बसणारी मुलं हेच माझं गिऱ्हाईक, दुसरं कोण घेणार? लेखिकेला त्या वर्षी मी जे मानधन पाठवलं ते सांगायलाही मला जड जातं.

तो निकाल मीही वाचलाय. किती पानांपर्यंत चालेल, हे त्यात कुठेच नाही. मोठ्यांना आवरायला काढलेली काठी आमच्याच पाठीत बसते.

कलम_बावन्न

वकिली करतो, म्हणून एक गाठ आधी सोडवतो. अशा चर्चेत 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवाय केलेला न्याय्य वापर, हा शब्द हमखास येतो. तो अमेरिकेचा. तिथल्या १९७६ च्या कायद्याच्या कलम १०७ मध्ये चार कसोट्या आहेत: वापर कशासाठी, मूळ कृती कशी, किती भाग घेतला, आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला. हा बचाव आहे. वापर न्याय्य होता हे सिद्ध करण्याचं ओझं नक्कल करणाऱ्यावर. आपल्याकडे कलम ५२ मध्ये अपवादांची यादी आहे. यादीत बसलात तर भंगच नाही.

याने फरक केवढा पडतो बघा. अमेरिकेतही असेच संच कोर्टात गेले. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात किंकोज ही झेरॉक्स कंपनी हरली, ५,१०,००० डॉलर भरपाई बसली. १९९६ मध्ये मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरमधलं दुकान ८ विरुद्ध ५ न्यायाधीशांनी हरलं, कारण मुख्यतः बाजारावरचा परिणाम. दिल्लीत तेच काम कायदेशीर ठरलं.

पण पाटीताई, तुम्ही निकालाचा पहिलाच अंक सांगितलात. ९ डिसेंबर २०१६ ला न्या. प्रदीप नंदराजोग आणि न्या. योगेश खन्ना यांच्या, त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने कलमाचा अर्थ तसाच व्यापक ठेवला, पानांची टक्केवारी लावायला नकार दिला. शिकवण्याच्या हेतूला जेवढं लागतं तेवढं, ही त्यांची मोजपट्टी. आणि दोन प्रश्न पुराव्यासाठी परत पाठवले: संचातला मजकूर त्या शिकवण्यासाठी खरोखर लागत होता का, आणि अख्खी पुस्तकं काढली होती त्यांचं काय. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे हे प्रश्न तसेच राहिले. छापखान्याच्या १९२ पानांना त्या निकालाने परवानगी दिली असं मी कोणत्याही अशिलाला सांगणार नाही.

रात्रीची_अभ्यासिका

मी जालन्याहून पुण्यात आलोय, स्पर्धा परीक्षेसाठी. खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी भरून महिन्याला हातात जे उरतं त्यात एक संदर्भग्रंथ येतो, फार तर दोन. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मीही वापरलीय, लपवत नाही. काकांचं वाचून वाईट वाटलं. पण झेरॉक्स नसती तर मी ते पुस्तक विकत घेतलं असतं असं समजू नका. मी ते वाचलंच नसतं.

छापखाना_गल्ली

बाळा, तुझ्यावर माझा आक्षेप नाहीच. तू माझ्याकडे आलास तर निम्म्या किमतीत देईन. आक्षेप त्या मास्टर कॉपीवर आहे. पगारदार प्राध्यापकाला प्रकाशकाला एक फोन करता येत नाही? १० प्रती ग्रंथालयाने घेतल्या असत्या तर मी स्वतः उरलेल्यांना सवलत दिली असती. विकत मिळणारं स्वस्त पुस्तक आणि आवाक्याबाहेरचं परदेशी पुस्तक यांना एकच न्याय लावायचा हे मला पटत नाही.

पाटीवरची_अक्षरं

दादा, १९२ पानांचं मला मान्य आहे. ते शिकवणं नाही, पुस्तक पुन्हा छापणं आहे. मी त्याची बाजू घेणार नाही. माझ्या संचातलं एक प्रकरण २८० रुपयांच्या मराठी पुस्तकातलं आहे, हे तुमचं वाचल्यावर लक्षात आलं. ते काढून टाकते आणि ग्रंथालयाला ८ प्रतींची मागणी देते.

पण झेरॉक्ससाठी कॉलेजने परवाना शुल्क भरावं, या प्रकाशकांच्या मागणीला माझा विरोध कायम राहील. एकदा प्रत्येक प्रकरणाला पैसे लागू झाले की संचाची किंमत शुल्क वसूल करणारी संस्था ठरवेल, शिकवणारी नाही. काय वाचायला लावायचं ते मग दरपत्रक बघून ठरेल.

छापखाना_गल्ली

शुल्काचं आपलं जमणार नाही, मॅडम. कॉलेजने वर्षाला ठोक रक्कम भरावी, ती लेखक-प्रकाशकांत वाटावी, असं मला अजूनही वाटतं. ८ प्रती मात्र ज्याच्या असतील त्याच्याकडून थेट मागवा, मध्ये विक्रेता घालू नका. त्याचं कमिशन वाचेल, तेवढं लेखकाला जाईल.