भरपाई मालकांना, हिशोब मजुरांचा

'गुलामगिरी ब्रिटिशांनीच स्वतःचा पैसा खर्चून बंद केली' हे नेहमी ऐकू येणारं विधान अर्धंच आहे. 1833च्या कायद्यानुसार 2 कोटी पौंड दिले गेले हे खरं, पण ते मालकांना, 'मालमत्ता' गेली म्हणून! सुटलेल्या माणसांच्या हातात छदामही पडला नाही. उलट 'शिकाऊ' या गोंडस नावाखाली आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे फुकट राबणं आलं. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची परतफेड 2015 साली संपली, म्हणजे ती ब्रिटनमधल्या सामान्य करदात्याने केली.

आणि उसाच्या मळ्यांत पुढे कोण राबलं? मॉरिशसला 1834 पासून साडेचार लाखांहून अधिक गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, गेले. बहुतेक बिहारकडचे, तमिळ, तेलुगू. पण रत्नागिरीकडची आपली माणसंही त्यांत होती. करार पाच वर्षांचा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, अशी तिथली रीत. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरल्यावर दगडी पायऱ्या चढायच्या आणि नोंदवहीतला एक नंबर व्हायचं. तिथल्या मराठी घरांत आजही गणपती बसतो.