पैसा काढून घेतला की बॅटमॅन उरतो का?

रातकिडा (धागाकर्ता)
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑक्टोबर २०२४ पासून डीसी या अमेरिकन प्रकाशनाचं 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' हे कॉमिक सुरू आहे. लेखन स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रागोटा. नेहमीच्या मालिकेशी संबंध नाही, सगळा डाव नव्याने मांडलाय. एरवी गर्भश्रीमंत असलेला ब्रूस वेन (म्हणजे बॅटमॅन) यात इंजिनियर आहे. हवेली नाही, वारसा नाही. आई जिवंत आहे. शिक्षक असलेले वडील गेले ते प्राणिसंग्रहालयातल्या गोळीबारात. (पुढे रहस्यभेद आहे, वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

जो तो हे डोक्यावर घेऊन नाचतोय. मला नाही पटलेलं. गरीब म्हणता, आणि छातीवरचं वटवाघूळ उपसलं की कुऱ्हाडीचं पातं, कान काढले की सुरे! पैशाच्या जागी दंड आणि पोलाद आलं, एवढाच फरक. दारातून आडवा होऊन जावं लागेल असा माणूस काढलाय. पहिल्याच अंकात तो एका गुंडाचा हात तोडतो. १९३९ साली हा ज्या मासिकात जन्मला त्याच्या नावातच 'डिटेक्टिव्ह' आहे. इथे तपास कुठेय?

चौकटीबाहेर
तपास आहे की. तुम्ही चुकीच्या माणसाकडे बघताय. पहिला अंक आल्फ्रेड सांगतो, आणि इथला आल्फ्रेड ब्रूसचा चहा घेऊन उभा राहणारा नोकर नाही, ब्रिटिश गुप्तहेर आहे. छपरांवरून पाळत ठेवून तो शोधतोय की हा धिप्पाड प्राणी आहे तरी कोण. म्हणजे शोध घ्यायचा तो गुन्ह्याचा नाही, खुद्द ब्रूसचा.

दुसरं, पैशापेक्षा मोठा बदल मित्रांचा आहे. वेलॉन, ऑसवाल्ड, हार्वी, एडवर्ड, सेलिना. एरवी ज्यांना तो तुरुंगात टाकतो ते इथे त्याचे लहानपणापासूनचे यार. यांच्यापैकी कुणाचं काही बरंवाईट झालं तर, या एका धाकावर मी पुढचा अंक उघडतो. आणि त्या आकाराबद्दल: ड्रागोटा बारीक बारीक चौकटी ठासून भरतो, दम कोंडतो, आणि मग पान उलटलं की हा अख्खं पान व्यापून उभा. तिथे सडपातळ माणूस चालला नसता.

शाईचा_डाग
कुऱ्हाड झकास आहे. बाकी चालू द्या.

तळटीप
तुम्ही दोघं बॅटमॅनवरून भांडताय, आणि त्याच महिन्यात सुरू झालेली 'अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन' (लेखन केली थॉम्पसन, चित्रं हेडन शर्मन) कुणाच्या खिजगणतीत नाही. तिचं तर बेट काढून घेतलं, आई काढून घेतली, 'अ‍ॅमेझॉन' (तिची योद्ध्या स्त्रियांची जमात) हा शब्दसुद्धा उच्चारायची बंदी. सर्सी या चेटकिणीने तिला नरकात वाढवलं. तरी पोरगी मायाळूच निघाली! नरकात येऊन पडलेल्या स्टीव्ह ट्रेव्हरला वर पृथ्वीवर परत धाडायला ती स्वतःचा हात देते. रातकिडा, तुमचा मुद्दा इथेच तर सिद्ध होतो. बॅटमॅन दुसऱ्याचा हात तोडतो, डायना (हीच वंडर वुमन) स्वतःचा.

रातकिडा
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मान गये. आल्फ्रेडचा मुद्दाही अर्धा मान्य. पण तो पहिल्या अंकापुरता हो. नंतर हाणामारीचं पारडं जडच आहे.

जुना_गठ्ठा
नवे डाव मांडून काय होणार? मूळ मालिका नीट लिहा म्हणावं. मी 'अमेझिंग स्पायडर-मॅन' सोडलेली नाही.

चौकटीबाहेर
@जुना_गठ्ठा, त्याच मालिकेत मे २०२३ मध्ये कमला खान (मिस मार्व्हल) मेली आणि जुलैत एक्स-मेनच्या अंकात उठून बसली. दुखवटा तरी किती दिवस पाळायचा आम्ही? तेही मरायला तिची स्वतःची मालिका नाही, पीटरच्या (म्हणजे स्पायडर-मॅनच्या) घरी मुक्काम! याउलट २०२४ चा 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' घ्या, लेखक हिकमन, चित्रकार चेकेट्टो. पीटरला बायको आहे, दोन मुलं आहेत, आणि शक्ती मिळते ती ऐन संसारात. दर अंकागणिक कथेतलाही महिना सरतो. तिथे काही बिघडलं तर बिघडलेलं राहील असं वाटतं तरी.

जुना_गठ्ठा
कमलाबद्दल गप्प बसतो, तिथे लाजच वाटली. पण महिना सरतो म्हणजे मारामारी दोन अंकांच्या मधल्या फटीत उरकते, आणि आपल्या वाट्याला जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा. मला उड्या बघायच्या असतात.

तळटीप
मला गप्पाच आवडतात. जोना (एरवी पीटरचा खडूस संपादक) आणि पीटरचे बेनकाका एकत्र बातम्यांचा धंदा मांडतात ते तर फार गोड.

शाईचा_डाग
एक शंका. पहिल्या अंकात ज्याचा हात तुटला त्या गुंडाचं पुढे काय झालं?

चौकटीबाहेर
आठवत नाही बुवा. मुखवटा घातलेला होता एवढंच.

रातकिडा
बघा. डायनाचा हात आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे.