म्हाताऱ्या कुत्र्याचा शेवट, काळी जमीन आणि ग्रामसभेचा ठराव : मदत हवी आहे

मंडळी, रस्त्यावरून आणलेला गावठी कुत्रा, वय अंदाजे १४, वजन १८ किलो, किडन्या निकामी. उलट्या, तोंडाला वास, चार दिवस खाणं बंद. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या नाहीत हे माहीत आहे. आयबुप्रोफेननं किडनी आणखी बसते.

पहिला प्रश्न: यवतमाळ-वणी पट्ट्यात घरी येऊन आधी गुंगी आणि मग शिरेतून पेंटोबार्बिटल (शांतपणे मरण देणारं औषध) देणारे पशुवैद्य कोण? हे औषध मेलेल्या शरीरात टिकतं, उकरून खाणारं कोल्हं-कुत्रं मरतं. म्हणून खड्डा चार फूट हवा, विहिरीपासून लांब. सुती कापडात गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पोत्यात नाही. त्यात शरीर लवकर कुजत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वास वर येतो. वर दीड फूट मुरूम आणि बाभळीचे काटे पुरतील का?

दुसरा प्रश्न राजकारणाचा, पण याच दुखण्याचा. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी. त्यासाठी निवडणूक लढवायची म्हटलं, तर डाव्या उमेदवारानं विधानसभेला १०,००० अनामत भरायची, वैध मतांच्या एक षष्ठांशाखाली राहून गमवायची, अन् पाच वर्षं गप्प बसायचं? वैताग आला बुवा. त्यापेक्षा ग्रामसभेत ठराव घ्यावा म्हणतो. गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. शेळ्या-बैलांवाले डॉक्टरच्या जागेसाठी येतील, नुसत्या कुत्र्यासाठी नाही.

रिक्त पदाच्या ठरावाचा मसुदा कुणाकडे आहे का? आणि तो पंचायत समितीकडे पाठवायचा की थेट जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाकडे?