पाळी आहे की गरोदरपणातलं रक्त? कसं ओळखायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार. घरात विचारलं तर लगेच "काय, काही विशेष?" सुरू होईल, म्हणून इथे विचारतेय.

आम्ही काही महिन्यांपासून बाळासाठी प्रयत्न करतोय. माझी पाळी बऱ्यापैकी नियमित आहे, २८ ते ३० दिवसांची. या वेळी तारखेच्या तीन-चार दिवस आधीच तपकिरी डाग दिसला. संध्याकाळी गुलाबीसर झालं. पाळीच आली असं समजून पॅड लावलं, तर सकाळी त्यावर जेमतेम नाण्याएवढा डाग. एरवी माझा पहिला दिवस असा जात नाही. सकाळी सुरू झालं की दुपारपर्यंत पॅड बदलावंच लागतं, गाठीही पडतात. आता मात्र वाढतही नाही आणि थांबतही नाही. ओटीपोटात मधूनच बारीक कळ येते, कंबर जड आहे. छाती दुखतेय, पण ती दर पाळीआधी दुखतेच.

न राहवून डाग दिसला त्याच दिवशी टेस्ट केली. एकच रेघ आली.

हे पाळीच समजून सोडून द्यायचं का? टेस्ट परत कधी करू? रंगावरून खरंच कळतं का? आणि पाळीत घेते ती दुखण्याची गोळी आता घेतली तर चालेल का? मन अजिबात थाऱ्यावर नाहीये, कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

केवडा:
रंगावर जाऊ नकोस गं. माझी पाळी कित्येकदा तपकिरी डागानेच सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी लाल होते. रक्त हळूहळू बाहेर आलं की काळपटच दिसतं, कारण काहीही असो.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मला बरोबर तारखेला दीड दिवस थोडंसं अंगावर गेलं होतं. या महिन्यात पाळी कमी गेली एवढंच मनात आलं. पुढे सोनोग्राफीत गर्भ माझ्या हिशोबापेक्षा जवळजवळ महिन्याने मोठा निघाला, कारण तीच शेवटची पाळी धरून आठवडे मोजले होते. म्हणून डॉक्टरांना तारीख सांगताना "ही पाळी नेहमीसारखी नव्हती" हेही सांग.

निशिगंध:
टेस्ट निगेटिव्ह आहे ना, मग पाळीच असणार. पुढच्या महिन्यात बघ, टेन्शन घेऊ नको.

पारिजात:
मी स्त्रीरोग विभागात नर्स आहे. निशिगंध, तुम्ही धीर द्यायला लिहिलंत हे कळतं, पण इतक्या लवकर केलेल्या टेस्टवरून काहीच ठरत नाही.

स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. त्यानंतर गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला ६ ते १२ दिवस लागतात. रुजल्यावरच एचसीजी हे हार्मोन रक्तात आणि मग लघवीत यायला लागतं, आणि टेस्टची दुसरी रेघ उमटते ती त्याच्यामुळेच. सुरुवातीला ते दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होतं. म्हणजे रुजतानाच डाग पडला असेल, तर त्या दिवशी टेस्टला सापडण्याइतकं हार्मोन बहुधा नसतंच. तारीख उलटू द्या आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट करा. निगेटिव्ह आली आणि नेहमीसारखी पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा.

आता ओळखायचं कसं? रक्ताचा वेग बघा. पाळीत प्रोजेस्टेरॉन (अस्तर टिकवून धरणारं हार्मोन) उतरतं आणि अख्खं अस्तर सुटून येतं, त्यामुळे रक्त वाढत जातं, अनेकींना गाठी पडतात आणि मग ओसरतं. सहसा २ ते ७ दिवस. रुजतानाचं रक्त किंचित असतं, काही तास किंवा एक-दोन दिवस, वाढत नाही, गाठी नसतात. बहुतेक जणींना ते दिसतही नाही. तुमचं रक्त वाढत नाहीये म्हणून टेस्ट करायलाच हवी. पण दिवस गेलेत असं त्यावरून धरून चालू नका. थायरॉइड, जंतुसंसर्ग, गर्भाशयमुखाचा नाजूकपणा, इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी, कशानेही असे डाग पडतात. छाती दुखणं आणि कंबर जड होणं दोन्हीकडे सारखंच असतं, त्यावरून काही ठरवता येत नाही.

दिवस गेले नाहीत हे नक्की होईपर्यंत मेफेनॅमिक अॅसिड, आयबुप्रोफेन घेऊ नका. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, पाकिटावर दिलेल्या मात्रेतच. प्रयत्न करताय म्हणजे फॉलिक अॅसिड (रोज ४०० मायक्रोग्रॅम) चालू असेलच, नसेल तर आजच डॉक्टरांना विचारा.

आणि हे मात्र कृपा करून नीट वाचा. ओटीपोटात एकाच बाजूला दुखत राहिलं, खांद्याच्या टोकाशी दुखायला लागलं, घेरी आली, तर टेस्टची वाट बघू नका, रात्र असली तरी हॉस्पिटलमध्ये जा. गर्भ गर्भनलिकेत रुजला असेल तर रक्तस्राव पोटाच्या आत होतो आणि बाहेर डागाएवढंच दिसतं. "रक्त कुठे फार जातंय" म्हणून थांबलेल्या बायका आमच्याकडे फार वाईट अवस्थेत येतात. एक पॅड तासाभरात पूर्ण भिजलं आणि दुसऱ्याचंही तेच झालं, तरीसुद्धा लगेच निघा.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. डाग दोन दिवसांत थांबले. तारीख उलटल्यावर टेस्ट केली तर दुसरी रेघ आली, पण इतकी फिकट की आम्ही दोघं खिडकीपाशी नेऊन बघत होतो. डॉक्टरांनी रक्तातलं बीटा एचसीजी ४८ तासांच्या अंतराने दोनदा करायला सांगितलंय. सोनोग्राफी नंतर करू म्हणाल्या, आत्ता काही दिसणार नाही. हे बरोबर आहे ना? माझा ब्लड ग्रुप निगेटिव्ह आहे, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. डाग पडले होते त्याचा याच्याशी संबंध आहे का? तपासणीत सांगायचं राहूनच गेलं.

पारिजात:
पाकिटावर दिलेल्या वेळेत उमटली असेल तर फिकट रेघही पॉझिटिव्हच. बीटा एचसीजी दोनदा करतात ते आकडा कसा चढतोय हे बघायला, एकाच आकड्यावरून फारसं कळत नाही. सोनोग्राफीत गर्भपिशवी साधारण पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसायला लागते, त्यामुळे डॉक्टर बरोबर सांगतायत.

ब्लड ग्रुप मात्र आजच फोन करून सांगा. निगेटिव्ह आईच्या पोटात पॉझिटिव्ह बाळ असेल आणि त्याचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तर आईच्या शरीरात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. त्याचा त्रास बहुतेक वेळा पुढच्या बाळाला होतो. अँटी-डी इंजेक्शन त्यासाठीच असतं. इतक्या सुरुवातीच्या किरकोळ डागांना ते सहसा लागत नाही, पण किती आठवडे झाले आणि किती रक्त गेलं यावरून ते डॉक्टर ठरवतील.

यापुढे डाग दिसला तर थोडा असला तरी कळवा. पहिल्या तीन महिन्यांत चारपैकी साधारण एकीला थोडंफार रक्त जातं आणि त्यातल्या पुष्कळ जणींचं पुढे सगळं नीट होतं. तारीख, रंग, पॅड किती भिजलं, दुखलं का, एवढं वहीत लिहून ठेवा. फोनवर विचारतील तेव्हा आठवत बसावं लागणार नाही.